समुद्रात मोठी तेलगळती झाली तर किनाऱ्यावर नेमकं काय होतं?

पहिला घाव बसतो तिवरांवर, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीच्या झाडांवर. चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली त्यांची मुळं म्हणजे झाडाची नाकं. त्यावर तेलाचा थर बसला की झाड गुदमरतं. मुंबईजवळ 7 ऑगस्ट 2010 ला 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-3' ही जहाजं धडकली, तेव्हा सुमारे 800 टन तेल सांडलं आणि तिवरांचे पट्टे काळे पडले. तिथे खोरं-फावडं घेऊन उतरू नका, तुडवल्याने तेल चिखलात आणखी खोल जातं.

पक्ष्याची पिसं तेलाने चिकटली की पाणी थेट कातडीपर्यंत पोचतं. तो गारठतो, चोचीने पिसं साफ करताना तेल गिळतो. असा पक्षी दिसला तर लगेच धुऊ नका, धसक्यानेच मरू शकतो. हवेशीर खोक्यात, उबेला, अंधारात ठेवा आणि वनविभागाला 1926 वर कळवा.

कोळीवाड्यात जाळी तेलकट होतात, फेकावी लागतात. मासा शरीरातलं तेल बऱ्यापैकी लवकर बाहेर टाकतो. तिसऱ्या, कालवं असे शिंपल्यांतले जीव मात्र पाणी गाळून खातात, त्यांच्यात ते जास्त काळ टिकतं. म्हणजे ओहोटीला कालवं काढून घर चालवणाऱ्या बायकांची कमाई सर्वांत शेवटी परत येते, आणि भरपाईच्या यादीत होडी नसलेल्यांची नावं आधी घ्यायला हवीत असं मला ठाम वाटतं.

समुद्रातलं तेल घट्ट होऊन पावसाळ्यात किनाऱ्यावर येणारे, तळपायाला चिकटणारे डांबराचे गोळे खोबरेल चोळून काढा. रॉकेल नको.