माहितीपटाची संमती चित्रपटाला पुरत नाही

माहितीपटातल्या माणसांवर आता चित्रपट करताय, आणि वर "संमतीपत्रं आहेतच आपल्याकडे" असं तुम्ही लिहिलंय, ते वाचून राहवलं नाही. तुमचे दोन माहितीपट झालेत, त्यातल्याच वीटभट्टीवरच्या कुटुंबावर पटकथा लिहून तयार, निर्माता मिळालाय, हिवाळ्यात चित्रीकरण. मी अगदी इथेच उभी होते.

माझा माहितीपट बीडच्या ऊसतोड कामगारांवर होता. एका कोयत्याबरोबर, म्हणजे एका नवराबायकोबरोबर, मी 2 हंगाम उसाच्या फडावर काढले. पुढे त्या बाईंच्या आयुष्यावर चित्रपट लिहिला. चित्रीकरणाला 11 दिवस उरले असताना निर्मात्याच्या वकिलांनी संमतीपत्र मागितलं. वहीच्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'हे चित्रीकरण माहितीपटासाठी वापरण्यास हरकत नाही.' खाली अंगठा. वकिलांनी 'माहितीपटासाठी' या शब्दावर बोट ठेवलं आणि कागद परत दिला.

टोळी तोवर कर्नाटकात गेलेली, त्यांना कामावर नेणाऱ्या मुकादमाचा फोन बंद. कोणत्या कारखान्यावर गेलेत याची नोंद असेल म्हणून एका कार्यालयात 4 खेपा घातल्या. आधी लेखी अर्ज द्या, मग साहेब दौऱ्यावर, चौथ्या वेळी अर्जच सापडेना. गावंच्या गावं दरवर्षी ऊस तोडायला बाहेर पडतात आणि ती माणसं कुठे आहेत हे सांगायला कुणी नाही, याचा संताप अजून जात नाही.

बाई भेटल्या तेव्हा गुढीपाडवा होऊन गेला होता. रानं मोकळी झालेली. निर्माता पुढच्या हंगामापर्यंत थांबला नाही.

पण खरं नुकसान वेगळंच होतं. नवा करार वाचून दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, "ताई, बाकी समदं दावा, पिशवीचं तेवढं नगं. लेकीची सोयरीक चाललीय." गर्भाशय काढल्याचं त्यांनी माहितीपटात पाठमोरं बसून सांगितलं होतं. माझी सगळी पटकथा त्याच प्रसंगावर उभी होती. लिहिण्याआधी विचारायला हवं होतं. प्रसंग काढला, पटकथा पुन्हा लिहिली.

मी वकील नाही. कराराचा मसुदा जाणकाराकडूनच करून घ्या. माझं मत एवढंच की करार त्यांच्या बोलीत, घरच्यांसमोर मोठ्याने वाचा, मोबदल्याचा आकडा त्यात लिहा आणि काय दाखवायचं नाही हे त्यांनाच ठरवू द्या. निर्मात्याला हे पटत नसेल तर निर्माता बदला.

जाता जाता, पटकथेत बैल, गाढवं असतील तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी चित्रीकरणाआधी घ्या. ती नसेल तर सेन्सॉरला अडकाल.

उशीर होईल म्हणून घाबरू नका. दिग्दर्शिका सुमित्रा भावे संशोधनातून आल्या. 'बाई' हा लघुपट 1985 चा, 'दोघी' हा चित्रपट 1995 चा. मध्ये 10 वर्षं गेली.

तुमचं कुटुंबही दिवाळीनंतर भट्टीवर जाईल. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली की मुकादम केव्हाही गाडी लावतो. दसऱ्याच्या आत गावी जाऊन या, आणि पटकथा बरोबर न्या.