न मागता दिलेले डबे

चि. मनूस,

रविवारी नानखटाईचे डबे भरताना तू विचारलेस, की शेजाऱ्यांनी मागितलेली नसताना आपण दरवर्षी त्यांच्या दारात बिस्किटे का नेऊन देतो, आणि आता आपणही काहीतरी परत द्यायला हवे असे त्यांना वाटले, तर ती एक प्रकारची सक्तीच नाही का. प्रश्न मला लागला. माझे हात तुपाने माखलेले होते आणि ओव्हन चालू होता, म्हणून आता निवांतपणे लिहिते आहे.

बेळगावातल्या शहापूरच्या आपल्या घरात ओव्हन नव्हता. गल्लीतही तो कुणाकडे नव्हता. दिवाळी जवळ आली की घरोघरचे लोक मैदा, पिठीसाखर आणि डालड्याचा डबा घेऊन बेकरीत नंबर लावत. पहाटेचे पाव निघून भट्टीचा ताव जरा उतरला, की मगच बिस्किटांचे पत्रे आत जात, कारण पावाच्या आचेवर बिस्किटे बाहेरून करपतात आणि आतून कच्ची राहतात. बेकरीतल्या यंत्राचे हँडल फिरवले की रेघारेघांच्या पट्ट्या बाहेर पडत आणि तिथला मुलगा त्या पटापट कापून पत्र्यावर मांडत असे. ती बिस्किटे खमंग असत, पण कडक असत. आज्जीला ती पसंत नव्हती. ती पीठ घरीच तयार करी, नानखटाई स्वतः वळून परातीत मांडी, आणि फक्त भाजण्यापुरती अप्पामामाच्या हातून भट्टीवर पाठवी.

हा सगळा खटाटोप शेजारच्या अव्वांसाठी होता, असे मला आज वाटते. अव्वा कन्नड बोलत, आज्जी मराठी, आणि मधल्या कठड्यावरून दोघींचे तासन्‌तास जमत असे. अव्वांच्या तोंडात दात उरले नव्हते. चकली त्या हातात घेऊन कौतुकाने पाहत आणि नातवाला देत. नानखटाई मात्र जिभेवर ठेवून डोळे मिटत आणि म्हणत, "छलो आगैती," म्हणजे छान झाली आहे. त्या दोन शब्दांसाठी आज्जी परातीसमोर बसकण मारून तळहाताने तूप आणि पिठीसाखर इतका वेळ फेसत असे, की पिवळसर तूप पांढरेशुभ्र आणि हलके होऊन जाई.

मऊपणाचे गमक तू रविवारी पाहिलेस, पण त्यामागचे कारण तुला ठाऊक असलेले बरे. गव्हाच्या पिठात पाणी मिसळून ते मळले, की त्यातील प्रथिनांचे चिवट जाळे तयार होते. पोळीला ते हवे असते, नानखटाईला नको असते. म्हणून आपण पाण्याचा थेंबही घालत नाही आणि मळतही नाही. फेसलेल्या तुपात मैदा बोटांनी हलकेच गोळा करतो, म्हणजे तूप पिठाच्या कणांना लपेटते आणि ते जाळे फारसे जमत नाही. इथल्या लोण्याऐवजी मी तूप कढवते तेही त्यासाठीच, कारण लोण्यात साधारण 16 ते 18 टक्के पाणी असते. थोडे बेसन घातले की पीठ आणखी नरम पडते. 325 अंश फॅरनहाइटवर कडा जेमतेम रंग धरू लागल्या, की पत्रा बाहेर काढायचा. मधला भाग तेव्हा बोटाला मऊ लागतो आणि कच्चा वाटतो, पण निवताना तो आपोआप धरतो. तू अजून पाच मिनिटे ठेवू या म्हणत होतीस, आणि तेवढ्यात ती नुसती कुरकुरीत झाली असती.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. फराळाचे ताट गल्लीत जाई, ते कुणी मागितलेले नसे, आणि रिकामे ताट परत करायचे नाही हा नियमही होता. निदान चिमूटभर साखर तरी त्यात घालून ते येई. ज्या वर्षी दिवाळी 1 नोव्हेंबरच्या आसपास पडे, त्या वर्षी आमच्याकडची मोठी मराठी माणसे बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधाच्या काळ्या दिनाच्या फेरीला जात आणि शहराच्या दुसऱ्या भागात त्याच दिवशी कर्नाटकाच्या स्थापनेच्या, राज्योत्सवाच्या मिरवणुका निघत. तरीही कठड्यावरून ताट जाई आणि अव्वांच्या घरची करजीकाई, म्हणजे करंजी, घेऊन परत येई. मी ते माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे, म्हणून या रिवाजाला सक्ती म्हणताना माझी जीभ अडते.

पण तुझे म्हणणे मी झटकूनही टाकू शकत नाही. कुणाच्या ताटात किती जिन्नस होते, याची चर्चा दुपारी होत असे, आणि ज्या घरी त्या वर्षी ओढाताण होती, त्या घरच्या बाईला आपले ताट भरणे किती जड गेले असेल, हे कुणी बोलत नसे. भांडी घासायला येणाऱ्या मावशींना फराळ मिळे, पण तो ताटात नव्हे, वर्तमानपत्राच्या पुडीत मिळे. पुडी परत करावी लागत नाही, हा त्यांच्यावरचा उपकार होता की त्यांना बरोबरीचे न मानणे होते, याचा निवाडा मला अजून करता येत नाही. माझा कल दुसऱ्या उत्तराकडे आहे.

इथे आल्यावर पहिल्या दिवाळीत मी डबे वाटले, ते खरे सांगायचे तर शेजाऱ्यांसाठी कमी आणि माझ्यासाठी जास्त होते. नानखटाई करून ती कुणाच्या दारात न्यायची नाही, हे माझ्या हातांना जमेना. समोरच्या आजोबांनी दुसऱ्या दिवशी दारात सफरचंदांची पिशवी ठेवली, तेव्हा मला किती आनंद झाला होता. तो आनंद त्यांच्यासाठी ओझे असेल, हे मला तुझ्यामुळे प्रथम सुचले.

तू माझ्यासारखेच करावेस असा माझा आग्रह नाही. पुढच्या खेपेला आधी विचारून द्यायचे असेल, तर तूच जाऊन विचार. कोणाला गहू किंवा दूध चालत नाही, हेही त्यातच कळेल, आणि ते मी इतकी वर्षे विचारायला हवे होते. फक्त किती घरांसाठी करायची, ते मला गुरुवारपर्यंत सांग, कारण तूप आदल्या दिवशी कढवून थिजवावे लागते. पातळ तुपाची नानखटाई पत्र्यावर पसरते.

तुझी,
आई