मॅट्रिक्सची लिमिट ठरवायची कशावरून?

कोल्हापूर

चि.स अनेक आशीर्वाद.

तुझा कोड वाचला. रोटेशन मॅट्रिक्स, म्हणजे वस्तू फिरवण्याचा आकड्यांचा तक्ता, तपासणारं फंक्शन फक्त 'बरोबर' किंवा 'चूक' सांगतं आणि आत टॉलरन्स, म्हणजे चालवून घ्यायचा फरक, १०^-९ असा कोरून ठेवलाय. हा आकडा आला कुठून? उद्यमनगरात लेथवरच्या कारागिराला विचार, कुठला भाग कशात बसायचाय त्यावरून लिमिट ठरते. इथंही तसंच.

सगळ्यांत बारीक चूक मशीनची. डबलमध्ये (साधारण १६ अंक ठेवणारा आकड्याचा प्रकार) ९० अंशांचा कोसाइन शून्य येत नाही, ६.१२ × १०^-१७ येतो, कारण पाय (π) त्यात पूर्ण मावतच नाही. म्हणून शून्याशी थेट बरोबरी लावायची नाही. एक-एक अंशाची ३६० रोटेशन्स गुणत गेलीस तरी डबलमध्ये बिघाड सहसा १०^-१३ च्या आत राहतो. फ्लोटमध्ये (साधारण ७ अंकांचा प्रकार) मात्र १०^-५ पर्यंत जाऊ शकतो.

तुझं दुखणं वेगळं आहे. फिक्स्चरच्या, म्हणजे जॉब धरून ठेवणाऱ्या साधनाच्या, फाइलमध्ये आकडे चारच दशांश स्थळांपर्यंत आहेत. ४५ अंशांसाठी ०.७०७१ लिहिलंय. रोटेशनमध्ये ओळीतल्या आकड्यांच्या वर्गांची बेरीज एक यायला हवी. त्याचा वर्ग ०.४९९९९०४१, दुप्पट ०.९९९९८०८२. एकात ०.००००१९ कमी पडले, आणि तुझ्या टॉलरन्सनं चांगला मॅट्रिक्स नापास केला. सहा स्थळं असती, म्हणजे ०.७०७१०७, तर फरक ०.००००००६ इतकाच, तरीही नापासच!

हिशोब सोपा आहे. मॅट्रिक्सला त्याच्याच ट्रान्सपोजनं (ओळींचे स्तंभ करून) गुण, आयडेंटिटी (कर्णावर १, बाकी ०) वजा कर, नऊही जागांतला सगळ्यांत मोठा फरक बघ. चार स्थळांवर राउंडिंग केलं की प्रत्येक आकड्यात जास्तीत जास्त ०.००००५ ची चूक. तीन-तीन आकड्यांचे गुणाकार मिळवून हा फरक वर्गमूळ तीन गुणिले ०.०००१ च्या वर जात नाही. म्हणून टॉलरन्स ०.०००२ धर. सहा स्थळांना ०.०००००२.

पण पास झाला म्हणजे कामाला आला असं नाही, आणि गोंधळ इथंच होतो. टेबलाच्या मध्यापासून ५०० मिलिमीटरवरच्या बिंदूला ०.००००५ ची चूक गुणली की ०.०२५ मिलिमीटर. जॉबची लिमिट ०.०२ असेल तर रोटेशन तपासणीत पास होऊनही जॉब रिजेक्ट. हे दोन प्रश्न वेगळे ठेव: मॅट्रिक्स मोडलाय का, आणि तो पुरेसा बारीक आहे का. दुसऱ्याचं उत्तर टॉलरन्स सैल करून मिळत नाही, आकडे जास्त मागवावे लागतात.

डिटरमिनंटवर (मॅट्रिक्स आकारमान किती पट करतो तो आकडा) तू जरा जास्तच विसंबतेस. मिलिमीटरचं मीटर करणाऱ्या मॅट्रिक्सचा डिटरमिनंट १०^-९ असतो. तुझा कोड त्याला 'उलटा करता येत नाही' म्हणून हाकलून देतो, खरं तर उलटा म्हणजे नुसतं १००० नं गुणणं. उलट बाजूनं, एका दिशेला दुप्पट आणि दुसरीला निम्मं केलं तरी डिटरमिनंट १ च येतो, ते काही रोटेशन नव्हे. ट्रान्सपोजची तपासणी झाली की डिटरमिनंटचं फक्त चिन्ह बघ. उणे आलं तर कुठंतरी आरसा शिरलाय, आणि डाव्या हाताचा भाग उजवा निघेल.

फिरवणं आणि सरकवणं एकत्र ठेवणाऱ्या चार बाय चारच्या मॅट्रिक्सची शेवटची ओळ ०, ०, ०, १ मात्र तंतोतंत बरोबरीनंच तपास. तसे मॅट्रिक्स एकमेकांत गुणले तरी ती ओळ जशीच्या तशी राहते. तिथं चूक दिसली तर ती राउंडिंगची नाही, फाइल ओळींऐवजी स्तंभांनी वाचली गेली असेल.

सरकवण्याच्या स्तंभाला रोटेशनचा टॉलरन्स लावू नकोस, तो मिलिमीटर-मीटर अशा युनिटमध्ये असतो. सर्व्हेचं काम आलं तर आणखी जप: यूटीएममध्ये (जागा मीटरमध्ये सांगणारी नकाशा-पद्धत) आपलं कोल्हापूर विषुववृत्तापासून साधारण १८ लाख ४६ हजार मीटरवर येतं, आणि तिथं फ्लोटची पायरी साडेबारा सेंटीमीटरची असते. आधी स्थानिक मूळबिंदू वजा कर, तोही डबलमध्ये.

तयार फंक्शनांचं बघ. पायथॉनच्या मॅथमधल्या, दोन आकडे जवळ आहेत का बघणाऱ्या इजक्लोजचा निरपेक्ष टॉलरन्स मुळात शून्य असतो, म्हणजे शून्याशी ताडताना ते १०^-१७ लाही नाही म्हणतं. नमपायच्या ऑलक्लोजला (तेच काम अख्ख्या मॅट्रिक्ससाठी करणारं) दुसऱ्या जागी आयडेंटिटी दिलीस तर कर्णावर साधारण १०^-५ आणि बाकी जागांवर १०^-८, असे दोन वेगळे टॉलरन्स लागतात. दोन्ही आकडे स्वतः लिही.

अट 'फरक मोठा असेल तर नापास' अशी आहे, ती उलटव: 'फरक टॉलरन्सइतका किंवा लहान असेल तरच पास'. नॅन (आकडाच नसलेली किंमत) लहान, मोठा किंवा बरोबर अशा कुठल्याच तुलनेत खरं ठरत नाही, त्यामुळे आज तो बिनदिक्कत पास होतो.

फंक्शननं तो सगळ्यांत मोठा फरक आणि त्याची जागाही परत द्यावी. मॅट्रिक्स दुरुस्त करणं मात्र वेगळ्या फंक्शनात, सरळ एसव्हीडीनं (मॅट्रिक्स फोडून सगळ्यांत जवळचं रोटेशन काढायची रीत). ग्राम-श्मिट, म्हणजे अक्ष एकेक करून काटकोनात आणायची रीत, पहिला अक्ष तसाच ठेवून चूक पुढच्या अक्षांवर ढकलतं.

फिक्स्चरची फाइल परत काढून घे. डबल हुबेहूब परत वाचायला १७ सार्थक अंक लागतात, फ्लोटला ९. फाइल आली की आधी फरक छापून पाठव, टॉलरन्स मग ठरवू.

तुझा,
काका