‘पाय ओढणे’ आणि ‘पुलिंग माय लेग’

निपाणीच्या एका वाचकांचा प्रश्न असा आहे की, एका इंग्रजी कथेत एक मित्र दुसऱ्याला ‘यू आर पुलिंग माय लेग’ असे म्हणतो आणि त्यावर दोघेही हसतात. आपल्या वाटेत आडवा येणाऱ्याला असे हसत हसत कोण सुनावते? ‘आपलीच माणसे आपले पाय ओढतात’ हे वाक्य इंग्रजीत नेताना हाच वाक्प्रचार चालेल का, असेही त्यांनी विचारले आहे.

दोन्ही भाषांत पायही तोच आणि ओढणेही तेच, म्हणून ही गफलत चांगले इंग्रजी वाचणाऱ्यांचीच अधिक होते. नवशिका अनोळखी शब्दांपाशी अडखळतो आणि कोश उघडतो; ज्याला शब्द न् शब्द कळतो, तो न थांबता पुढे जातो. मराठीत पाय ओढला जातो तो वर चढू पाहणाऱ्याचा, आणि ओढणाऱ्याच्या मनात मत्सर असतो. इंग्रजीत मत्सराचा मागमूस नाही. खोटी गोष्ट गंभीर चेहऱ्याने सांगायची, समोरच्याने ती घटकाभर खरी मानायची आणि मग दोघांनी हसायचे, एवढाच तो खेळ आहे. याला मराठीत ‘फिरकी घेणे’ हा नेमका शब्द आहे. ‘थट्टा’ म्हटले तर अर्थ थोडा सैल होतो. मित्राच्या टकलावरून विनोद केला तर ती थट्टा होईल, पण बेळगावच्या किल्ला तलावात मगर दिसली असे सांगून त्याला तिथवर पिटाळले, तर ते इंग्रजांचे ‘लेग पुलिंग’ होईल. तो परत येऊन ‘चेष्टा करायलास काय रे?’ म्हणेल, तेच कथेतले वाक्य.

बेळगावकरांना याची किल्ली शोधायला लांब जावे लागत नाही. कन्नडमध्ये ‘कालु’ म्हणजे पाय आणि ‘एळे’ म्हणजे ओढणे. यांपासून झालेल्या ‘कालेळेयुवुदु’चा रूढ अर्थ खिल्ली उडवणे, चिमटा काढणे असा आहे. एका पक्षाने दुसऱ्याचा पाय ओढल्याचा मथळा कन्नड वर्तमानपत्रात येतो, तेव्हा बहुधा कोणाची खुर्ची गेलेली नसते, नुसता शाब्दिक टोला बसलेला असतो. कन्नड अर्थात बोचरेपणा जरा जास्त आहे हे खरे, तरी या वाक्प्रचारापुरती इंग्रजी मराठीपेक्षा कन्नडला जवळची आहे. हिंदीतले ‘टाँग खींचना’ दोन्ही अर्थांनी चालते. भारतीय इंग्रजीत तर ‘लेग पुलिंग’ हे सर्रास आपल्या पाय ओढण्याच्या अर्थाने लिहितात, आणि पक्षांतर्गत कुरघोड्यांची अशी बातमी वाचून लंडनच्या वाचकाला नेतेमंडळी मोठी विनोदी दिसतात असे वाटले, तर त्याचा दोष नाही.

सीमाभागात आपली अशी फसगत होण्याचे एक कारण मला असे वाटते की, मराठी आणि कन्नड वाक्प्रचार पुष्कळदा शब्दशः जुळतात आणि जुळण्याची सवय लागते. ‘तले तिन्नबेड’ म्हणजे ‘डोके खाऊ नकोस’, अगदी तंतोतंत. पण हेच धोरण इंग्रजीत चालवले तर पंचाईत होते: तिथे डोके चावून तोडतात, ‘बाइट समवन्स हेड ऑफ’, आणि त्याचा अर्थ भंडावून सोडणे नसून एखाद्यावर एकदम खेकसणे असा आहे.

वाक्प्रचाराचे व्याकरणही गोठलेले असते. मालक बदलतो, म्हणजे ‘माय’च्या जागी ‘युअर’ किंवा ‘हिज’ येते, पण पाय एकच राहतो. मराठीच्या सवयीने ‘लेग्ज’ असे अनेकवचन केले की विनोद संपतो आणि नुसती ओढाताण उरते. उरलेल्या दुसऱ्या पायाचाही ब्रिटिशांनी उपयोग केला आहे. थाप पटली नाही की ते म्हणतात, ‘पुल द अदर वन, इट्स गॉट बेल्स ऑन’, म्हणजे आता दुसरा ओढ, त्याला घुंगरे बांधली आहेत. आपण तिथे ‘कोणाला शेंडी लावतोस?’ असे म्हणू. फाशी गेलेल्याचे हाल लवकर संपावेत म्हणून आप्त त्याचे पाय ओढत, त्यावरून हा वाक्प्रचार आला, अशी कथा सांगितली जाते. तिला पुरावा नाही, आणि तो रूढ झाला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अर्थातच नकारार्थी आहे. साध्या गद्यात ‘ड्रॅग डाउन’ किंवा ‘होल्ड बॅक’ पुरेसे आहे. चित्रच हवे असेल, तर ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडकडे ‘टॉल पॉपी सिंड्रोम’ म्हणतात: अफूच्या शेतात जे फूल उंच वाढते, त्याचे डोके छाटायचे. (आपल्याकडे मात्र खसखस पिकते ती हशाची.) पण त्या चित्रात छाटणारा हात बाहेरचा आहे, आणि वाचकांच्या वाक्यातला सल ‘आपलीच माणसे’ या शब्दांत आहे. तेव्हा ‘क्रॅब्ज इन अ बकेट’ हेच घ्यावे. खेकड्यांची ही गोष्ट आपल्या प्रत्येक सभासंमेलनात एकदा तरी सांगितली जाते. इंग्रजीतही ती तशीच चालते.