‘य = क्ष + १/क्ष’ हे सुचतं कुठून?

पत्र : मी चाळीसगावला अकरावी सायन्सला आहे. चारही विषय घेतलेत, गणित आणि बायोलॉजी दोन्ही. दहावीत गणितात ९४ होते. क्लासमध्ये रेसिप्रोकल इक्वेशन शिकवलं. क्ष² ने भागायचं, क्ष + १/क्ष ला य म्हणायचं आणि वर्गसमीकरण सोडवायचं. मला गणितं सुटतात, पण हा य मुळात कुणाला आणि कसा सुचला ते कळत नाही. सरांना विचारलं तर म्हणाले, ‘ट्रिक आहे, पाठ कर आणि पुढे चल.’ मैत्रिणी पुढच्या धड्यावर गेल्या, मी तिथेच अडकले. बाबा म्हणतात, इतकं जड जात असेल तर गणित सोड आणि बायोलॉजी ठेव. माझी बुद्धी खरंच मंद आहे का?

उत्तर :

नाही. आणि या कारणासाठी गणित सोडू नकोस. तुझ्या बाबांची काळजी मला समजते, पण त्यांचा एक गैरसमज झालाय. गणितं सुटत नाहीत असं तू लिहिलेलंच नाहीस. सुटतात, पण का सुटतात ते कळत नाही, अशी तुझी तक्रार आहे. या दोन अडचणींवरचे उपाय वेगवेगळे आहेत.

आधी तुझ्या य चं बघू, करिअरचं नंतर. हे रेसिप्रोकल, म्हणजे व्यस्त, समीकरण घे :

६क्ष⁴ − ३५क्ष³ + ६२क्ष² − ३५क्ष + ६ = ०

सहगुणक डावीकडून वाच, मग उजवीकडून वाच. ६, −३५, ६२, −३५, ६. दोन्हीकडून तेच. आता भागाकार वगैरे काही न करता फक्त क्ष च्या जागी १/क्ष ठेव आणि सगळ्याला क्ष⁴ ने गुण. कागदावर करून बघ, नुसतं वाचू नकोस. तेच समीकरण पुन्हा समोर येईल, फक्त पदं उलट्या क्रमाने. याचा अर्थ असा, की २ हे या समीकरणाचं मूळ असेल तर १/२ सुद्धा असलंच पाहिजे. ३ असेल तर १/३ सुद्धा. शून्य मूळ असायची भीती नाही, कारण शेवटचं पद ६ आहे.

म्हणजे चार मुळं शोधायची आहेत असं वरवर वाटतं, पण खरं तर दोनच जोड्या शोधायच्या आहेत. इथे थांब आणि स्वतःला विचार : एक अख्खी जोडी ओळखायला एकच संख्या हवी असेल तर कोणती घ्यावी? ती अशी हवी, की जोडीतला कोणताही सदस्य घेतला तरी बदलणार नाही. गुणाकार घेऊन उपयोग नाही, तो प्रत्येक जोडीचा १ च येतो, त्यातून जोडी ओळखू येत नाही. मग उरते बेरीज. २ घेऊन १/२ मिळवलं काय किंवा १/२ घेऊन २ मिळवले काय, उत्तर ५/२. हाच तुझा य. तो त्या जोडीचं आडनाव आहे म्हण ना.

आता बाकीचं आपोआप येतं. जोड्या दोन, म्हणून य च्या किमती दोन, म्हणून य चं समीकरण वर्गसमीकरणच असणार. हे आकडेमोड करायच्या आधीच कळतं! क्ष² ने भागायचं ते मधलं पद मोकळं करून दोन्ही बाजूंची पदं समोरासमोर आणायला :

६(क्ष² + १/क्ष²) − ३५(क्ष + १/क्ष) + ६२ = ०

क्ष² + १/क्ष² म्हणजे य² − २. त्यावरून ६य² − ३५य + ५० = ०, आणि य = ५/२ किंवा १०/३. पुढे क्ष ची मुळं २, १/२, ३, १/३.

क्लासच्या नोट्समध्ये व्यस्त समीकरणांचे चार प्रकार करून दिलेले असतात, प्रत्येकाची कृती निराळी. ते पाठ करायची गरज मला तरी कधी वाटली नाही. कोटी (क्ष चा सर्वांत मोठा घातांक) विषम असेल आणि सहगुणक दोन्हीकडून सारखे असतील, तर क्ष = −१ ठेवल्यावर पदं दोन-दोन करून एकमेकांना खातात, म्हणून −१ हे मूळ असतंच. सहगुणकांच्या किमती त्याच पण चिन्हं उलट असतील, तर हेच काम क्ष = १ करतो. तो अवयव बाजूला काढला की तू पुन्हा ओळखीच्या जागी येतेस, फार तर आणखी एक तसाच अवयव काढावा लागेल.

एवढं समजल्यावर ही युक्ती कुठे संपते तेही दिसायला लागतं, आणि मला ते फार आवडतं. सहाव्या कोटीचं व्यस्त समीकरण य मध्ये घनसमीकरण होतं, आठव्याचं चौथ्या कोटीचं. त्यांना सूत्रं आहेत. दहाव्याचं मात्र पाचव्या कोटीचं होतं, आणि तिथे बेरीज-वजाबाकी, गुणाकार-भागाकार आणि वर्गमूळ-घनमुळासारखी मुळं एवढंच वापरून सर्वसाधारण सूत्र असूच शकत नाही हे नॉर्वेच्या नील्स आबेल या गणितज्ञाने १८२४ मध्ये सिद्ध केलं. नुसती ट्रिक पाठ करणाऱ्याला ही भिंत तिच्यावर आपटेपर्यंत कळत नाही.

तुझ्या सरांवर मात्र रागावू नकोस. एमएचटी-सीईटीत, म्हणजे राज्याच्या इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेत, गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, एकाला दोन मिनिटंही मिळत नाहीत. तिथे य चा उगम शोधत बसलीस तर पेपर संपेल. परीक्षेसाठी हात बसलेला हवाच, त्याबद्दल सर बरोबर आहेत. ‘पुढे चल’ हा परीक्षेपुरता सल्ला आहे, तो स्वतःबद्दलचा निकाल समजू नकोस, एवढंच.

आता करिअर. बारावीला गणित नसेल तर इंजिनिअरिंगच्या बहुतेक शाखा आणि गणित-संख्याशास्त्राचे चांगले अभ्यासक्रम हातचे जातात. मेडिकलची ओढ असती तर मी वेगळं बोललो असतो, पण तुझ्या पत्रात डॉक्टर व्हायचंय असं एक अक्षरही नाही. तेव्हा एक विषय कमी करायचाच झाला, तर तो गणित नसावा.

इंजिनिअरिंगला गेलीस तरी हे समीकरण वाया जात नाही. इलेक्ट्रॉनिक्सला डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग शिकताना लिनिअर फेज फिल्टर येतात, म्हणजे सिग्नलमधल्या सगळ्या लहरींना सारखाच उशीर करणारे. त्यांचे सहगुणक असेच दोन्हीकडून सारखे असतात, आणि म्हणून त्यांची शून्यं (म्हणजे मुळं) क्ष आणि १/क्ष अशा जोड्यांनी येतात. तिथे बहुतेक मुलं हेही पाठ करतात. तू करणार नाहीस.

दुसरी वाट थेट गणिताची. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचा गणित आणि कॉम्प्युटर सायन्सचा बीएस्सी, इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचे कोलकात्यातले बी.स्टॅट. आणि बंगळुरूतले बी.मॅथ., पुण्याचं आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था). चेन्नईच्या प्रवेश परीक्षेत पर्यायांवर खूण करून भागत नाही, सिद्धता लिहावी लागते, आणि ‘का’ विचारायची सवय तिथे मार्क मिळवून देते. घरून ‘पुढे नोकरी काय?’ हा प्रश्न येईलच. डेटा, विमा, बँकिंग, सॉफ्टवेअर, संशोधन, अध्यापन, या सगळीकडे ही मुलं जातात.

पण एका प्रश्नावरून मी तुला गणितज्ञ ठरवणार नाही. कुतूहल असणं आणि दिवसचे दिवस एका प्रश्नाशी झटायची आवड असणं, यात अंतर आहे. ते तूच तपासून बघ, या तीन गणितांवर. उत्तर आधी कुठेही शोधू नकोस.

पहिलं सोपं : ६क्ष⁵ + क्ष⁴ − ४३क्ष³ − ४३क्ष² + क्ष + ६ = ०.

दुसरं : क्ष⁴ + क्ष³ + क्ष² + क्ष + १ = ०. इथे य च्या दोन्ही किमती −२ आणि २ च्या मध्ये येतील आणि त्यांत √५ असेल. क्ष वास्तव संख्या का असू शकत नाही ते सांग, आणि या √५ चा सुसम पंचकोनाशी काय संबंध ते शोध. अकरावीतल्या संमिश्र संख्या त्यासाठी पुरेशा आहेत.

तिसरं तुझ्या शेजारचं आहे. चाळीसगावजवळच्या पाटण इथे शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने काढलेल्या मठाचा तो आहे, साल १२०७. त्या भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या ग्रंथातलं हे समीकरण : क्ष⁴ − २क्ष² − ४००क्ष = ९९९९. हे व्यस्त नाही, तुझा य इथे चालणार नाही. दोन्ही बाजूंना असं काही मिळव, की दोन्हीकडे पूर्ण वर्ग होतील. काय मिळवायचं ते मी सांगत नाही.

‘हे तर शाळेचं बीजगणित’ असं कुणी म्हटलं तर मनावर घेऊ नकोस. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात अनेक दशकं भूमितीतलं अवघड संशोधन करणारे श्रीराम अभ्यंकर याच शालेय बीजगणिताची बाजू जाहीरपणे घेत. त्यांनी १९७६ मध्ये पुण्यात संस्था काढली, तिचं नाव भास्कराचार्य प्रतिष्ठान.

तिन्ही गणितांत तासन्‌तास गेले आणि तरीही मजा आली, तर गणित ऑलिम्पियाडच्या पहिल्या पायरीची, आयओक्यूएमची माहिती काढ. पुढच्या टप्प्यांची माहिती मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या संकेतस्थळावर मिळेल. कंटाळा आला तर तेही बिनधास्त मान्य कर, इंजिनिअरिंगची तयारी चालू ठेव. आणि हे पत्र बाबांना वाचायला देशील तेव्हा आधी त्यांना पहिलं गणित सोडवून दाखव. पाचव्या कोटीचं समीकरण मुलीने समोर बसून सोडवलं, की गणित न सोडण्याबद्दल त्यांच्याशी बोलणं बरंच सोपं होईल.