बेरोजगारी भत्ता अडकलाय, तोवर सरकारी कर्जासाठी अर्ज करू का?

तुमची कंपनी बंद पडली, ईएसआयसीकडे, म्हणजे कामगार राज्य विमा महामंडळाकडे, बेरोजगारी भत्त्याचा अर्ज करून दीड महिना झाला आणि पैसे आले नाहीत. तोवर स्वनिधी (फेरीवाल्यांसाठीची सरकारी कर्जयोजना) किंवा मुद्रातून (छोट्या धंद्यांसाठीची) कर्ज घेऊ का, दोन्ही एकदम चालतं का, असं तुम्ही विचारलंय. एवढंच असतं तर मी दोन ओळी लिहून मोकळा झालो असतो. पण शेवटी तुम्ही लिहिलंय, "भत्त्यासाठी हात पसरणं मनाला पटत नाही, त्यापेक्षा कर्ज बरं." हे वाक्य २०२० च्या पावसाळ्यात माझ्या थोरल्या भावाकडून मी फोनवर इतक्यांदा ऐकलंय की आजही ते कुठे वाचलं की डोकं तापतं. म्हणून सविस्तर लिहितो.

हात कोण पसरतंय? तुमची जुनी पगाराची स्लिप काढा आणि कपातीच्या रकान्यात बघा. माझा पगार सरासरी सोळा हजार. जून २०१९ पर्यंत त्यातून ईएसआयसीच्या विम्याचे पावणेदोन टक्के कापले जायचे, म्हणजे महिन्याला २८० रुपये. जुलै २०१९ पासून पाऊण टक्का, म्हणजे १२०. मालकाचा वाटा वेगळा. अकरा वर्षं हे पैसे गेले आणि त्या अकरा वर्षांत मी दवाखान्याची पायरी दोनदा चढलो असेन. गाडीचा विमा काढलेल्या माणसानं अपघात झाल्यावर क्लेम केला तर त्याला कुणी भिकारी म्हणतं का? मग कामगारानंच का लाजायचं?

आमचं शॉप भोसरीत, प्रेसचं काम. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, एप्रिल-मेचा पगार अर्धा आला आणि जूनच्या शेवटी सुपरवायझरनं सांगितलं, "बोलावल्याशिवाय येऊ नका." बोलावणं आलंच नाही. पीएफमधून तेव्हा कोविड ॲडव्हान्स मिळत होता, खात्यातल्या शिलकीच्या ७५ टक्के किंवा तीन महिन्यांचा बेसिक आणि महागाई भत्ता, जे कमी असेल ते. तो मी एप्रिलमध्येच काढला होता. खोलीभाडं आणि किराणा यात तो जुलैपर्यंत पुरला. बायकोची कांदा-बटाट्याची हातगाडी होती, लॉकडाऊनच्या आधी तीन-चार वर्षांपासून. ती गाडी मार्चपासून ताडपत्री टाकून भिंतीला लावलेली.

दादा गावी असतो, लातूरकडे. शेती करतो, स्वभावानं ताठ. मी भत्त्याचं बोललो की त्याचं सुरू, "आपल्या घरात कुणी सरकारपुढं हात पसरला नाही. कर्ज काढ, फेड, मान वर करून राहा." वडील गेल्यापासून त्याचा शब्द मी मोडलेला नव्हता. ऑगस्टमध्ये एका पतसंस्थेतून पंधरा हजार काढले. दोन जामीनदार, शेअर्स आणि फी कापून हातात चौदा हजार दोनशे. हप्ता चौदाशेच्या जवळपास. त्यातलं दोन महिन्यांचं थकलेलं भाडं गेलं, किराणावाल्याची वही मिटवली, मुलीच्या ऑनलाइन शाळेसाठी एक जुना मोबाइल घेतला. पंचवीस दिवसांत पैसे संपले. आणि सप्टेंबरच्या दहा तारखेला पहिला हप्ता उभा राहिला. तो भरायला मी माझ्या एका जामीनदाराकडूनच हजार रुपये उसने घेतले. तो माणूस माझ्यासारखाच घरी बसलेला.

माझं मत स्पष्ट आहे. पीठ-मिठासाठी कर्ज काढू नका. ते सरकारी असो, पतसंस्थेचं असो, नाहीतर मोबाइलवरच्या ॲपचं. पीठ महिन्यात संपतं, हप्ता वर्षभर चालतो. दादाला हे तेव्हाही पटलं नाही. पीककर्ज आणि घरखर्चाचं कर्ज यातला फरक त्याच्याइतका कुणाला कळायला हवा? पीककर्जातून निदान सोयाबीन उगवतं.

भत्त्याचं मला पक्कं कळलं ते सप्टेंबरमध्ये, युनियनमधल्या एका जुन्या कार्यकर्त्याकडून. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना २०१८ पासून होती, पण मिळायचे सरासरी रोजाच्या २५ टक्के, तेही नव्वद दिवस बेकार राहिल्यावर आणि कंपनीमार्फत. २०२० च्या ऑगस्टमध्ये ते ५० टक्के केलं, वाट बघायचे दिवस तीसवर आणले आणि कामगाराला स्वतः अर्ज करता येईल असं केलं, २४ मार्चपासूनच्या बेकारीसाठी. जास्तीत जास्त नव्वद दिवसांचे पैसे, आयुष्यात एकदाच. हिशोब असा : आधीच्या चार अंशदान कालावधींतला (वर्गणीचे सहा-सहा महिन्यांचे टप्पे), म्हणजे दोन वर्षांचा, एकूण पगार भागिले ७३०, त्याचं निम्मं, गुणिले दिवस. माझे सोळा हजारांच्या हिशोबानं दोन वर्षांचे तीन लाख चौऱ्याऐंशी हजार, रोज पडतो ५२६, निम्मे २६३, नव्वद दिवसांचे तेवीस हजार सहाशे आणि वर थोडे. मी तेव्हा कागदावर तीनदा मांडलं होतं, अजून तोंडपाठ आहे.

अर्ज ऑनलाइन भरला, प्रिंट काढली, प्रतिज्ञापत्र, आधार, पासबुकाची झेरॉक्स जोडून शाखा कार्यालयात दिली. तुमच्यासारखाच दीड महिना शांत. चौकशीला गेलो तर काउंटरवरच्या बाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवली. वडिलांच्या नावाच्या जागी माझंच नाव दोनदा, आणि बँक खातं अकरा वर्षांपूर्वीचं, कधीच बंद झालेलं. कंपनीनं भरती करताना जे टाइप केलं ते कुणी नंतर उघडून बघितलंच नव्हतं. बाई म्हणाल्या, "काका, तुमचा अर्ज चुकीचा नाही, तुमचा रेकॉर्ड चुकलाय. कंपनीचं पत्र आणा." रागावण्यासारखं त्या काहीच बोलल्या नव्हत्या, तरी बाहेर येऊन मी पायरीवर बराच वेळ बसलो.

कंपनीचा अकाउंटंट फोन उचलेना. तीन दिवस मी गेटवर उभा राहिलो. तिसऱ्या दिवशी वॉचमननं, आमच्याच जिल्ह्यातला तो, मला आत सोडलं. अकाउंटंट म्हणतो, "ईएसआयसीचे पैसे कधी कुणाला मिळालेत का? कशाला खेटे घालताय." मी त्याच्या टेबलासमोरून हललो नाही. मला जाताना पत्र पाहिजे होतं, शिक्क्यासकट. चार ओळींचं पत्र, दहा मिनिटं लागली त्याला. त्या दहा मिनिटांसाठी माझे दोन महिने गेले.

स्वनिधीचं याच काळात समांतर चाललं होतं, बायकोच्या नावानं. ही योजना जून २०२० मध्ये आली, २४ मार्च २०२० च्या आधीपासून धंदा करणाऱ्या फेरीवाल्यांसाठी, पहिलं कर्ज दहा हजार, तारण नाही, वर्षभरात फेडायचं, वेळेवर फेडलं तर ७ टक्के व्याज अनुदान म्हणून खात्यावर परत. तिच्याकडे फेरीवाल्याचं प्रमाणपत्र नव्हतं, म्हणून शिफारसपत्र काढावं लागलं. त्यासाठी तिनं जुन्या पावत्या आणि फेरीवाल्यांच्या संघटनेचं कार्ड शोधून काढलं, पत्र्याच्या ट्रंकेत, साड्यांच्या खाली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पैसे आले.

आता कर्ज कशाला म्हणतात ते बघा. पैसे नव्हते तेव्हा ती कांद्याचं पोतं उधारीवर उचलायची, आणि उधारीला किलोमागं दोन रुपये जास्त. पन्नास किलोच्या पोत्यामागं शंभर रुपये त्या उधारीतच जायचे. दहा हजारांतून एक इलेक्ट्रॉनिक काटा घेतला, गाडीचं चाक बदललं आणि बाकीचे रोख हातात ठेवून ती मोशीच्या बाजारातून माल आणायला लागली. हप्ता नऊशेच्या आतबाहेर. नऊ पोत्यांत नुसत्या वाचलेल्या उधारीत हप्ता निघायचा. विक्रीचा नफा वेगळा. आठवड्याला तीन-चार पोती खपतात, म्हणजे तिसऱ्या आठवड्यात तिचा महिन्याचा हप्ता मोकळा. गाडीवर क्यूआर कोड लावला त्याचा कॅशबॅकही मिळायचा, महिन्याला शंभरपर्यंत. एकही हप्ता चुकला नाही. नंतर तिनं वीस हजारांचं दुसरं घेतलं.

माझा भत्ता जानेवारी २०२१ मध्ये जमा झाला. मेसेज आला तेव्हा मी गाडीवर बटाटे निवडत होतो. मातीच्या हातानं फोन धरला आणि बायकोला आकडा वाचायला लावला. त्यातून पतसंस्थेचं कर्ज मुदतीआधी बंद केलं आणि जामीनदाराचे हजार परत केले. उरलेलं घरात.

तेव्हा तुमच्या प्रश्नाला उत्तर : अर्ज करू शकता, पण कुणाच्या नावानं आणि कशासाठी ते आधी ठरवा. भत्त्याच्या अर्जात तुम्ही बेकार आहात असं लिहून देता. मग त्याच दिवसांत स्वतःचा चालू धंदा दाखवून स्वतःच्या नावानं कर्ज मागू नका, दोन कागद एकमेकांना खोटं पाडतील. घरात बायको, आई, भाऊ यांचा खरोखर धंदा असेल तर त्यांच्या नावानं जरूर घ्या. मुद्राचं शिशु कर्ज पन्नास हजारांपर्यंत मिळतं, पण तेही धंद्यासाठीच. नसलेल्या दुकानाचं कोटेशन जोडून घर चालवायला कर्ज काढणारे मी बघितलेत, त्यांचं पुढे काय झालं तेही बघितलंय. तो मार्ग धरू नका. भत्त्याचे पैसे अमुक तारखेला येतील असं गृहीत धरून तर कर्ज अजिबात घेऊ नका.

एक-दोन गोष्टी राहिल्या. मी सांगितलेले आकडे २०२० चे आहेत. स्वनिधीचा पहिला टप्पा २०२५ पासून पंधरा हजारांचा झालाय. भत्त्याच्या योजनेची मुदत वेळोवेळी वाढवत आलेत, तेव्हा तुमची बेकारी सुरू झाल्याची तारीख त्यात बसते का ते विचारून घ्या. किमान दोन वर्षांची विमापात्र नोकरी लागते, आणि नोकरी जाण्याआधीच्या अंशदान काळात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते, शिवाय त्याआधीच्या तीनपैकी एका काळातही तेवढीच. गैरवर्तनामुळे काढलं असेल किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतली असेल तर मिळत नाही. मध्येच नवी नोकरी लागली तर लागेपर्यंतच्या दिवसांचे पैसे मिळतात, म्हणून भत्ता बुडेल या भीतीनं आलेलं काम सोडू नका.

दादानं अजून मानलेलं नाही. गेल्या दिवाळीलाही म्हणाला, "तुला लागली सवय." मी उठून जुन्या स्लिपांची फाइल आणून त्याच्यापुढे ठेवली. त्यानं उघडली नाही. वहिनींनी उघडली, एकेक पान बघितलं आणि विचारलं, "हे सगळं तुमच्याच पगारातून गेलं भाऊजी?"

तुमचा अर्ज दीड महिना अडकलाय म्हणजे माझ्या अंदाजानं नाव, खातं किंवा आधार यातलं काहीतरी जुळत नाहीये. उद्या सकाळीच शाखेत जा. आधार, चालू खात्याचं पासबुक, शेवटच्या तीन स्लिपा आणि अर्जाची पोच सोबत न्या, आणि स्क्रीनवर तुमचा रेकॉर्ड स्वतः डोळ्यांनी बघितल्याशिवाय काउंटर सोडू नका.