फवारणीची औषधं, समुद्रातलं शैवाल आणि नोकरी

नमस्कार,

तुमची मुलगी वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. शेतातल्या औषधांनी समुद्रातल्या सूक्ष्म शैवालाचं काय होतं, याचा तिला अभ्यास करायचाय. तुमची राजापूरजवळ हापूसची बाग. यात पोट भरेल का आणि ती उद्या बागायतदारांच्याच विरोधात जाईल का, असं तुम्ही विचारलंय.

दुसरा प्रश्न आधी घेतो. शैवालाला थेट मारतात ती मुख्यतः तणनाशकं. डाययुरॉन, अ‍ॅट्राझिन तणाचं प्रकाशसंश्लेषण रोखतात. समुद्रातल्या डायटम या सूक्ष्म शैवालातही तीच यंत्रणा असते. ऑस्ट्रेलियात उसाच्या मळ्यांतलं डाययुरॉन ग्रेट बॅरियर रीफपर्यंत पोचलं आणि 2012 मध्ये त्याच्या वापरावर कडक बंधनं आली. आपल्याकडे कोल्हापूर-सांगलीच्या उसाचं पाणी कृष्णेतून बंगालच्या उपसागराकडे जातं. कोकणच्या खाडीत उतरतं ते बागांचं, आणि आंब्यावर मारतात ती बहुतेक कीटकनाशकं आणि बुरशीनाशकं. कीटकनाशकानं शैवाल खाणारे बारीक जीव आधी मरतात, मग शैवाल उलट वाढूही शकतं. शिवाय तुडतुडे या किडीवरची फवारणी कोरड्या दिवसांत होते. पहिल्या पावसापर्यंत त्यातलं किती उरतं? खाडीतली कालवं, तिसऱ्या याच शैवालावर जगतात, त्यामुळे हे मोजायलाच हवं. फवारणीचं वेळापत्रक घरातच पाहिलेली मुलगी ते नेमकं मोजेल. यात बागायतदारांशी वैर कुठे आलं?

आता पोटाचं. ‘शैवालतज्ज्ञ पाहिजे’ अशा जाहिराती फारशा निघत नाहीत, हे खरं. पण नव्या औषधाच्या नोंदणीसाठी शैवालावर 72 तासांची वाढ-चाचणी घेतात. वाढ निम्म्यावर आणणारी मात्रा काढतात. अशा विषशास्त्र प्रयोगशाळा वापीसारख्या औद्योगिक पट्ट्यांत आहेत. पाणी-तपासणी, मत्स्यबीज केंद्रं, पर्यावरण सल्लागार कंपन्या हेही मार्ग आहेत. संशोधनातच राहायचं असेल तर नेट आणि पीएच.डी. लागेल. त्यात पाच-सहा वर्षं सहज जातात, तेवढी घरची तयारी हवी.

गोवा विद्यापीठातला सागरी जैवतंत्रज्ञानाचा एम.एस्सी. अभ्यासक्रम तिनं जरूर पाहावा. त्यासाठी जीएटी-बी परीक्षा असते. दोना पावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थाही तिथून जवळ आहे.

माझा आग्रह मात्र रसायनशास्त्राचा. पाण्यातला औषधाचा अंश क्रोमॅटोग्राफीनं, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या पद्धतीनं, मोजता येणाऱ्याला काम लवकर मिळतं. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प तिनं त्यावरच घ्यावा, आणि तुमची फवारणीची वही तिला द्या: औषध, मात्रा, तारीख.